मिठाच्या पाण्याचा उंदीर

रत्नागिरीच्या गाडीनं ते आलं,
थर्मासात, बर्फात, वर सुतळीचे चार वेढे.
मासळी का, कंडक्टरनं विचारलेलं.
हो म्हणालो, आणणारा पोरगा सांगत होता,
दुसरं काय सांगणार.
कोकणात त्याला झार म्हणतात.
जाळ्यात आला तर हात लावायचा नाही,
मेलेला असला तरी.
त्याच्या मनगटावर वळ होते, चाबकाचे असावेत तसे.
जाताना दारात थांबून म्हणाला,
औषध निघंल का ह्याच्यावर?

मी दस्तगीर. मिरजेच्या कॉलेजात प्राणीघराचा शिपाई,
एकोणीस वर्षं. समुद्र पाहिलेला नाही.
आरवाडे मॅडमनी कुपी उजेडात धरली तेव्हा पाहिला म्हणायचा:
तांदळाच्या धुवणासारखा, अर्धा चमचा.

सहा उंदीर. वजन मी केलं,
शेपटीवर पिवळे ठिपके मी लावले,
एक ठिपका, दोन ठिपके, असे.
सुई मॅडमची.

पहिली दोन मिनिटं काही नाही.
तो मिशा पुसतो, भुश्यात दाणा शोधतो.
मग कान ताठ.
मग अंगावरून एक शहारा जातो आणि जातच राहतो.
मग मागचे पाय त्याचे राहत नाहीत,
पुढच्या दोन पायांनी तो स्वतःला ओढतो
शेजाऱ्याचं पोतं ओढावं तसा.
मॅडम वेळ सांगतात, मी लिहितो.
चार मिनिटं दहा सेकंद.
श्वास, असा रकाना आहे. त्यात मी आकडे घालतो,
आणि शेवटी एक आडवी रेघ.

नस म्हणजे तार नव्हे दस्तगीर, त्या म्हणाल्या,
नस म्हणजे दारांची रांग.
मीठ आत येतं, दार मिटतं, पुढचं उघडतं.
त्या उघडझापीलाच आपण म्हणतो, बोट हललं.
हे विष दारं उघडतं
आणि मिटू देत नाही.

माझा थोरला भाऊ सतारमेकर गल्लीत जवारी काढतो.
घोडीवर कानस, तार छेडायची, ऐकायचं,
परत कानस.
एक हात जास्त पडला की तार नुसती झणझणत राहते.
जिला थांबता येत नाही तिला तो सूर म्हणत नाही.
हे मी मॅडमना सांगितलं नाही.
एवढंच विचारलं, त्या झाराला मेंदू किती?
नसतोच, म्हणाल्या. काळीज नाही, हाड नाही.
मग उंदराच्या दाराची किल्ली
त्याला कुणी दिली?
त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला, बराच वेळ.
कळलेलं नाहीये ते त्याला, म्हणाल्या. जुळलेलं आहे.

सहावा उंदीर मिठाच्या पाण्याचा.
त्याला विष नाही, नुसतं सलाइन,
बाकीच्यांशी ताडून बघायला.
त्याला काही झालं नाही.
दिवसभर तो पिंजऱ्याच्या कोपऱ्यात
दोन पायांवर उभा राहून हुंगत होता,
शेजारचे पिंजरे गप्प का झाले ते.

संध्याकाळी त्याचाही मेंदू लागतो.
बिघडलेल्याशेजारी ठेवायला
न बिघडलेला.

रजिस्टरात त्याला सॅक्रिफाइस म्हणतात.
आमच्या घरीही एक शब्द आहे तसा,
पण त्यात आधी पाणी पाजतात,
मागून वाटे होतात, आणि एक ताट
झाकून शेजारी जातं.

मी त्याला पाणी पाजलं.
नियमात नाही ते. नियमाबाहेरही नाही.
तळहातावर तो प्यायला, घाई न करता,
आणि त्याचं काळीज माझ्या अंगठ्याखाली
इतकं भराभर चाललं होतं
की मोजता आलं नाही.
मॅडम दारात होत्या. काही बोलल्या नाहीत.
हातातली सुई त्यांनी खाली धरली होती.

कुपीत थोडं उरलंय.
फ्रीजवर माझ्या अक्षरात चिठ्ठी:
झार. हात लावू नये.
खाली मॅडमनी पेन्सिलीनं लिहिलंय,
तारीख घाला.

पोराचं पत्र आलंय परवा, आंतर्देशीय.
निघालं का, एवढंच.
खिशात आहे. आज
पिंजरे धुवायचे आहेत सहा.